गाढवाच्या दोन्ही बाजूंना

छापखान्यात कागदाच्या रिमांवर एक माणूस बसला होता आणि त्याच्या खिशातला फोन वाजत होता. त्याच्या शेजारी उभी राहून एक संपादिका स्वतःच्या फोनवरून एका चित्रकाराला अकराव्यांदा फोन लावत होती. चित्रकार उचलत नव्हता. शेजारचा माणूसही उचलत नव्हता.

"अहो, उचला की तो फोन! कधीचा कोकलतोय."

"नको," माणूस शांतपणे म्हणाला. "एक बाई आहेत. फार रागावतात."

"मग रागावतील नाही तर काय! केलं असेल तुम्ही काहीतरी."

"केलंय ना. म्हणूनच उचलत नाहीये."

तिने वैतागून फोन बंद केला. खिसा गप्प झाला. तिने पुन्हा लावला. खिसा वाजला.

संपादिकेचं वय सत्तावीस होतं, पण त्या क्षणी ती सहज पंचावन्नची दिसली.

"तुम्ही…?"

"मी," तो म्हणाला, आणि कुणी मारण्याआधी बसतात तसा नीट बसला.

'उलट्या राजवाड्याच्या गोष्टी' या मालिकेची सहा पुस्तकं दोघांनी मिळून काढली होती, एकमेकांचं तोंडही न बघता. तो दुसऱ्या गावाहून कुरियरने चित्रं पाठवायचा. ती एकेक चित्र मजकुराशी ताडून बघायची आणि त्यावर चिठ्ठी डकवून परत पाठवायची. 'राक्षसिणीला मजकुरात तीन दात आहेत. चित्रात चार.' उत्तर यायचं, 'चौथा तिने नवीन बसवून घेतलाय.' 'काढून टाका.' 'तिला दुखेल हो.' असं सहा वर्षं. घरी आई म्हणायची, इतकं तर मी तुझ्या बाबांशीही भांडले नाही.

आता सातवं आणि शेवटचं पुस्तक. बाकी सगळं छापून झालं होतं. फक्त शेवटचं पान अडलं होतं, कारण त्यावरचं चित्रच आलं नव्हतं. मशीन दोन वाजेपर्यंत त्यांचं होतं. तोवर चित्र हातात आलं नाही तर त्यावर खोकल्याच्या औषधाची खोकी चढणार होती, आणि खोक्यांची रांग महिनाभर लांब होती. शाळांना सुट्टी लागायच्या आत पुस्तक दुकानात गेलं नाही तर संपादिकेची कायमची सुट्टी, असं मालकांनी तिला फार गोड आवाजात सांगितलं होतं.

"चित्र?"

"आणलंय. स्वतः घेऊन आलो. मग दारातच धीर सुटला, म्हणून इथे बसलो."

"द्या इकडे. नाही, थांबा. आधी हे सांगा." तिने पिशवीतून पत्रांचा गठ्ठा काढून त्याच्या मांडीवर आपटला. "पोरांची पत्रं. सेहेचाळीस आहेत. राजकन्येचं काय होणार, असं एकानेही विचारलेलं नाही. सगळ्यांना एकच हवंय, चष्मेवाली बाई आणि गाढववाला शेवटी भेटणार का? कोण चष्मेवाली? कुठला गाढववाला? संपूर्ण मालिकेत गाढव हा शब्द नाहीये! मी शोधलाय!"

"शब्द नाहीये," तो म्हणाला. "गाढव आहे."

त्याने तिच्याच पिशवीतलं पहिलं पुस्तक काढून बाजाराचं चित्र उघडलं. डाव्या कोपऱ्यात, नखाएवढी, एक चष्मेवाली बाई. ती राजाच्या जाहीरनाम्यातल्या चुकांवर काट मारत होती. उजव्या कोपऱ्यात, पार कडेला, एक माणूस गाढव ओढत होता. दुसऱ्या पुस्तकात तो चौकापर्यंत आला होता. तिसऱ्यात वडापाशी. चौथ्यात गाढव बसलं होतं, त्यामुळे प्रगती नव्हती. सहाव्यात दोघांमध्ये फक्त एक विहीर उरली होती.

तिने सहाही पुस्तकं दोनदा पाहिली. मग चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा पाहिली.

"हे मजकुरात नाहीये," ती हळूच म्हणाली.

"म्हणून तर तुम्हाला दिसलं नाही. तुम्ही मजकुरात आहे तेवढंच तपासता. राक्षसिणीचे दात मोजलेत तुम्ही… त्या बिचारीकडे एकदाही बघितलं नाहीत."

"पण मला चष्मा आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुमची पहिलीच चिठ्ठी. 'चष्मा लावूनही मला बेडूक सापडला नाही.' बाकी सगळं मनाने काढलं. नाक चुकलंय, ते आत्ता कळतंय."

"सहा पुस्तकं माझं नाक चुकवलंत?"

"चिठ्ठी लावा."

तिला भयंकर राग आला. रागाने कानाच्या पाळ्या तापतात हे तिला माहीत होतं. रागात हसू येतं, हे नवीन होतं. तिने ते गिळलं आणि हात पुढे केला. त्याने चित्र दिलं.

राजकन्येचं लग्न. अख्खं राज्य छतावर उलटं उभं. मधोमध गाढव नवरदेवाचा हार खात होतं. आणि गाढवाच्या दोन्ही बाजूंना माणसाएवढी जागा कोरी.

"हे पांढरं काय आहे?"

"चष्मेवाली आणि गाढववाला. किंवा दोन झाडं." तो चित्राकडे बघत बोलत होता. "माझं मी ठरवलं असतं, पण… बाईंना विचारल्याशिवाय बरं दिसलं नसतं. उद्यापासून चिठ्ठ्या बंद. मला म्हणजे… झाडं चांगली जमतात. दहा मिनिटांत होतील."

"आणि माणसं?"

"अर्धा तास."

"एक वाजून वीस झालेत!" मशीनवाले काका तिकडून ओरडले. "झाडं काढा, झाडं!"

"तुम्ही मध्ये बोलू नका हो काका!" ती इतक्या जोरात म्हणाली की चित्रकार दचकला. मग तिने मालिकेच्या लेखिकाबाईंना फोन लावला. मजकुरात नाही ते चित्रात नाही, हा तिचा नियम होता, आणि नियम मोडण्यापेक्षा मजकूर बदलणं तिला सोपं वाटलं.

"एक ओळ वाढवू का शेवटी? त्या दोघांसाठी?"

"वाढव की," लेखिकाबाई म्हणाल्या. "तिसऱ्या भागातच बघितलं मी त्यांना. मला वाटलं, तुमचं दोघांचं ठरलंय!"

शेवटच्या पानावर जेमतेम एका ओळीची जागा होती. तिने पेन्सिलीने लिहिलं, 'आणि चष्मेवालीने गाढववाल्याला हाक मारली.'

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. "हाक मारून काय म्हणाली?"

"तेवढी जागा नाहीये पानावर."

"आणि पानाबाहेर?"

तिने एकदा छताकडे बघितलं, एकदा काकांकडे. कुणीच मदतीला येईना.

"पानाबाहेर तिला तो आवडतो," ती म्हणाली, आणि लगेच खेकसली, "आता बघत काय बसलात? ब्रश उचला! पस्तीस मिनिटं राहिलीत!"

त्याने ब्रश उचलला. हात असा थरथरत होता की गाढवसुद्धा नीट आलं नसतं. तिने "अरे देवा" म्हटलं, रिमांवर त्याला खेटून बसली आणि त्याचं मनगट घट्ट धरलं.

काका जवळ येऊन कमरेवर हात ठेवून उभे राहिले. "मॅडम, असं धरून ठेवल्यावर काढणार कसं ते?"

"काढतील," ती म्हणाली, आणि सोडलं नाही.