भिंगाखालचं पिल्लू

"तुमच्याकडचं सगळ्यात मोठं भिंग द्या," ती म्हणाली.

चष्मेवाल्याने दुकानाचं शटर ओढायला नुकताच हात वर केला होता. टळटळीत दुपार, पोटात कावळे ओरडत होते, आणि हे गिऱ्हाईक नेमकं आत्ताच दारात. वाफेने कपाळाला चिकटलेले केस, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात गोळ्यांची जुनी पारदर्शक डबी.

"काय वाचायचंय?"

"वाचायचं नाहीये. बघायचंय… जिवंत आहे का ते."

"कोण?"

तिने डबी काउंटरवर ठेवली. झाकणाला सुईने पाडलेली भोकं, तळाशी बोटभर ओलसर माती. स्टुलावर टेकून त्याने भिंग धरलं. मातीच्या कडेला मसुराच्या दाण्याएवढं काहीतरी बसलं होतं. त्या काहीतरीला आठ केसाळ पाय होते, आणि त्यातला एक नेमका तेव्हाच हलला. चष्मेवाला स्टुलासकट मागे सरकला.

"जिवंत आहे," तो लांबूनच म्हणाला. "ठणठणीत आहे."

"टॅरंटुला जातीचा कोळी आहे. पण पिल्लू आहे हो, घाबरू नका."

"घाबरलोय कुठे? स्टूलच सरकतं आमचं."

ती हसली. थकलेलं होतं हसू, पण चष्मेवाल्याला आवडलं. जेवणाची वेळ टळून गेली हे नंतर त्याच्या लक्षात आलं.

दोन गल्ल्या सोडून असलेल्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात ती डाग काढायच्या टेबलावर काम करायची. दिवसभर वाफ, ब्रश आणि लोकांनी अंगावर सांडून घेतलेलं काहीबाही. पण तिचा थकवा त्या कामाचा नव्हता. आई कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. तिची कूस बदलायची, औषधं द्यायची, रात्री डोळ्यांत तेल घालून बसायचं, हे सगळं हिनेच केलं. आई गेली तेव्हा नातेवाईक म्हणाले, सुटलीस बाई. कसली सुटतेय! सुंभ जळला तरी पीळ जात नाही. अजूनही ती रात्रीतून चारदा उठायची आणि रिकाम्या पलंगाकडे बघून परत पडायची. झोप तेवढी यायची नाही.

अशीच एकदा कामावरून घरी जाताना ती पाळीव प्राण्यांच्या दुकानात शिरली होती. दुकानदार म्हणाला, "हे घ्या. आठवड्यातून एकदा रातकिड्याचं पिल्लू, थोडंसं पाणी, बस्स. हात लावायचा नाही. याला तुमची गरजच नसते." तिने ते तिथल्या तिथे घेतलं. जिला तिची गरज नाही अशी एखादी तरी गोष्ट जगात असावी, एवढंच तिला हवं होतं. मग मात्र ती डबी घरी ठेवून कामाला जाणं तिला जमेना. पिशवीतून बरोबर आणायची आणि दहा मिनिटांनी एकदा झाकण उघडून बघायची.

"लोक मांजर पाळतात, पोपट पाळतात," मोठी बहीण फोनवर म्हणाली. "तू लग्न तरी कर, नाहीतर डॉक्टरकडे तरी जा."

"ताई, मला आता कुणाचं काही करायचं नाहीये."

"मग तो किडा?"

तिने पिशवीतली डबी एकदा चाचपली आणि फोन ठेवला.

चष्मेवाल्याचे शर्ट ड्रायक्लीनिंगला येऊ लागले ते त्याच सुमारास. पहिल्यांदा चहाचा डाग. पुढच्या खेपेला चहाचाच डाग. तिसरा शर्ट तिने टेबलावर पसरला, दिव्याखाली धरला आणि सरळ काउंटरशी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हा डाग सांडलेला नाही."

"म्हणजे?"

"चहा सांडला की ओघळतो. हा खिशावर मधोमध आहे, गोल. हा शर्ट आडवा ठेवून, चमच्याने, नीट बेतून घातलाय."

चष्मेवाल्याचे कान लाल झाले. "मग… निघेल का?"

"डाग निघेल. तुम्ही निघा आता, मागे रांग लागलीय."

तो निघाला, पण हसत निघाला. आणि त्या दिवशी कित्येक महिन्यांनी ती ब्रश मारता मारता काहीतरी गुणगुणत होती. शर्ट द्यायला आला की तो आधी पिल्लाची चौकशी करायचा. "झाकण उघडू नका हो सारखं. त्याला एकटं राहू द्या."

"आणि काही झालं तर?"

 तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहायचा… आणि मग पावती मागायचा.

मग एका दुपारी ती त्याच्या दुकानात आली. धावत नाही, दोन्ही हातांत डबी धरून, पाऊल मोजून टाकत आली. चेहरा पांढराफटक.

"गेलं," ती म्हणाली. "उताणं पडलंय. मी नीट बघत होते हो… खातही नव्हतं कधीपासून. मी मुद्दाम रातकिडा सोडला आत, आणि…"

त्याने डबी अलगद काउंटरवर ठेवून घेतली, भिंग धरलं. एकेक पाय निरखून पाहिला.

"मेलेला कोळी पाय पोटाशी आखडून घेतो," तो हळूच म्हणाला. "हे पाय पसरून पडलंय. मेलं नाहीये, कात टाकतंय. खाणं म्हणूनच सोडलं होतं. पण हा रातकिडा आत नको, आत्ता याचं अंग मऊ असतं, तो चावेल."

चष्म्याचे बारीक स्क्रू उचलायचा चिमटा घेऊन, श्वास रोखून त्याने रातकिडा बाहेर काढला. तिचा जीव भांड्यात पडला, तरी अर्धाच.

"तुम्हाला कसं ठाऊक हे सगळं?"

"वाचलं."

"तुम्ही कुठे कोळी पाळलाय?"

"तुम्ही पाळलाय ना."

 त्याने शटर अर्धं ओढलं. आता डबीला धक्का लागता कामा नये, तास लागो की दोन तास, असं तो म्हणाला. दोघं काउंटरशी शेजारी शेजारी बसली.

"तुम्ही जेवून या," ती म्हणाली. "मी बघते."

"तुम्हाला बसवतही नाहीये. तुम्ही पडा जरा. मी बघतो."

"नको." मग थांबून, डबीकडेच बघत ती म्हणाली, "आई गेली तेव्हा मी झोपले होते. तिच्या पलंगाशेजारी, खुर्चीत. जरासा डोळा लागला… एवढी वर्षं जागले आणि नेमकी तेव्हा झोपले. तेव्हापासून वाटतं, मी डोळे मिटले की कुणीतरी जाईल."

हे तिने ताईलाही सांगितलं नव्हतं. तुमची चूक नव्हती, असं त्याने म्हटलं असतं तर ती उठून गेली असती. तो तसं म्हणाला नाही.

"आज तुम्ही डोळे मिटा," तो म्हणाला. "मी इथून हलणार नाही. काही झालं तर उठवीन. शप्पथ."

"पाचच मिनिटं हं," ती म्हणाली आणि डोकं काउंटरवर टेकवलं.

जाग आली तेव्हा अर्ध्या शटरखालून आलेलं तिरपं ऊन आतल्या चष्म्यांच्या भिंतीपर्यंत पोचलं होतं. गालाखाली काउंटरची काच नव्हती, त्याचा हात होता. दुसऱ्या हातात भिंग होतं आणि त्याची नजर अजून डबीवरच होती.

"किती वेळ झाला?" ती दचकून उठली. "उठवलं का नाहीत?"

"उठवण्यासारखं काही झालंच नाही." त्याने भिंग तिच्या हातात दिलं. मातीवर पोकळ, रिकामी कात पडली होती. तिच्या शेजारी, जरासं फिकट, जरासं मोठं, ते पिल्लू बसलं होतं. आठही पाय शाबूत.

ती झोपली होती आणि कुणी गेलं नव्हतं. तिला रडू आलं. ओठ चावून, खांदे गदगदून, ती खूप दिवसांचं रडली. त्याने मुंग्या आलेला हात कसाबसा उचलून तिच्या पाठीवर ठेवला.

"गिऱ्हाईकं आली असतील," ती डोळे पुसत म्हणाली.

"आली की. शटर वाजवून वाजवून गेली."

"आणि तुम्ही?"

"मला काय… मला आवडलं." तो अडखळला. "म्हणजे तुम्ही झोपायचं आणि मी जागं राहायचं, हे मला रोज आवडेल. आयुष्यभर चालेल. तुम्हाला चालत असेल तर."

ती त्याच्याकडे बघत राहिली. डोळे सुजलेले, गालावर त्याच्या बाहीची घडी उमटलेली. काहीतरी छान बोलावं असं तिला फार वाटलं, पण एवढ्या वर्षांची झोप डोळ्यांवर आली होती.

"मग…" ती म्हणाली, "अजून थोडी झोपू? तू आहेस ना?"

"आहे."

त्याने उठून शटर पूर्ण खाली ओढलं, परत शेजारी येऊन बसला आणि हात काउंटरवर पसरला. यावेळी ती डबीकडे न बघताच झोपली.