ब्रेकवरचा पाय

आधीच सांगते. ही गोष्ट खरी आहे आणि ती माझ्यासोबत घडली आहे. दाखवायला माझ्याकडे फोटो नाही, व्हिडिओ नाही, अंगावर साधा वळसुद्धा नाही. विश्वास ठेवायचा तर ठेवा.

दुसरं म्हणजे, ही रात्रीची गोष्ट नाही. इथे गोष्टी सांगणाऱ्या सगळ्यांच्या भुतांना रात्रच लागते. आमच्याकडे ते भर दुपारी झालं. गेल्या फेब्रुवारीतला रविवार, सव्वादोनची वेळ, नायगावच्या खाडीकडचं आमच्या घराचं अंगण. समोर नवीन टॉवर उभा राहतोय, तिथे टाइल्स कापायचं मशीन चालू होतं.

मी रचना. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते. रक्त, लघवी, कापलेल्या गाठी रोज हाताळते. मी भित्री नाही.

गाडी माझ्या सासऱ्यांची, वीस वर्षं जुनी. त्यांना जाऊन तेव्हा सहा महिने झाले होते. शुगरने गेले. आधी उजव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं. जखम भरेना. मग गुडघ्याखालून अख्खा पायच काढला.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी माझ्या नवऱ्याचा, हरेशचा, हात धरला होता.

"पाय मानसाचा हाय, कचरा नाय. आपल्या जागेन पुरा."

हरेश हो म्हणाला. पण हॉस्पिटलमध्ये कागद पुढे आला तेव्हा त्याला काही सुचेना. मीच म्हटलं, सही कर, ते लोक नियमाने विल्हेवाट लावतात. लॅबमध्ये मी रोज तेच बघते. पिवळी पिशवी, वजन, गाडी आली की रवाना. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. आता वाटतं.

घरी आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, पाय कुठे ठेवला?

"बांधावरच्या जांभळीखाली, बाबा," हरेश म्हणाला.

ते त्या समाधानात गेले. आणि माझ्या सासूबाई, बायजाआई, रोज संध्याकाळी त्या जांभळीखाली दिवा लावायला लागल्या.

तिथे काहीच नव्हतं. हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. आई त्या एका खोट्याच्या आधाराने दिवस काढत होत्या, आणि आम्हाला ते त्यांना कधीच कळू द्यायचं नव्हतं.

आता त्या रविवारचं सांगते.

आठवडाभर इंजिनमधून टकटक येत होती. क्रँकची पुली ढिली झाली होती. इंजिनच्या टोकाला पट्टा फिरवणारं एक लोखंडी चाक असतं, तेच डुगडुगत होतं. बोल्ट आवळला नसता तर गाडी भर रस्त्यात बंद पडली असती. हरेशने गाडी जॅकवर घेतली, पुढचं एक चाक काढलं, नवा बोल्ट बसवला आणि पान्याला लांब पाइप लावला.

पण हा बोल्ट एकट्याला आवळता येत नाही. पाना फिरवला की त्याच्यासोबत इंजिनच फिरतं. म्हणून गाडी वरच्या गिअरला टाकायची आणि एकाने आत बसून ब्रेक दाबून धरायचा. इतकी वर्षं ते काम सासऱ्यांचं होतं. हरेश बाहेर, बाबा आत.

त्या दिवशी आत मी होते.

"पाय हलवायचा नाही हां," हरेश चाकाच्या पोकळीतून म्हणाला. "सटकला तर पाइप थेट माझ्या दातांवर."

"तुझे दात तसेही किडलेत. कर सुरू."

मी चपला काढल्या आणि अनवाणी पायाने पेडल दाबलं.

त्याने जोर लावला. गाडी करकरली. बोल्ट थोडा फिरला आणि अडला. त्याने पुन्हा जोर लावला. आता माझी पोटरी थरथरायला लागली. पाय पेडलवरून जरासा घसरला...

आणि टॉवरमधलं मशीन बंद झालं.

कावळे गप्प. खाडीवरून येणारा वारा गप्प. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता.

मग... माझ्या पायावर कुणीतरी पाय ठेवला.

मी खाली बघितलं. माझा पाय दिसत होता, पेडल दिसत होतं. दुसरं काही नव्हतं. पण माझी बोटं दाबाने पांढरी पडत चालली होती.

गार स्पर्श होता. कोरडा. तळव्याला भेगा.

आधी अंगठा टेकला...

मग मध्ये रिकामी जागा...

मग तीन बोटं.

त्या पायाचं ड्रेसिंग मी रोज माझ्या हातांनी केलं होतं. तो कुणाचा, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"हां, आता बरोबर धरलास," बाहेरून हरेश म्हणाला. बोल्ट कुरकुरत फिरला. अजून थोडा. अजून थोडा.

"झालं. सोड."

मला सोडता येईना.

"रचना, सोड म्हटलं ना."

हरेश हात पुसत दाराशी आला. मी नुसतं खाली बोट केलं. त्याला वाटलं, पायात गोळा आला असेल. त्याने दार उघडलं, वाकला आणि माझा पाय उचलायला हात घातला...

त्याचा हात मध्येच थांबला. कशावर तरी टेकून थांबला.

त्याने हात झटकन मागे घेतला नाही. तिथेच ठेवला. त्याचा चेहरा मी आयुष्यात विसरणार नाही. मग तो अगदी हळू म्हणाला,

"बाबा, झालं. सोडा आता."

ओझं गेलं.

समोरचं मशीन पुन्हा सुरू झालं. मागच्या पडवीत झोपलेल्या आई खोकल्या. मी गाडीतून उतरले आणि अंगणातच खाली बसले.

टकटक कायमची गेली. पुली अशी बसली की कुठला मेकॅनिकही तशी बसवू शकला नसता. पण त्या दिवसानंतर मी त्या गाडीत पाय ठेवला नाही. हरेश म्हणाला, विकून टाकू.

पुढच्या रविवारी वटारहून स्टॅनी नावाचा माणूस आला. एक फेरी मारून आला. गाडी त्याला आवडली. किल्लीसाठी त्याने हात पुढे केला. हरेशने खिशातून किल्ली काढली आणि तसाच उभा राहिला.

"नाही देता येणार," तो म्हणाला. "माफ करा."

स्टॅनी बडबडत निघून गेला. बरोबर आहे, मीही चिडले असते.

आई पायरीवर बसून सगळं बघत होत्या. "गिऱ्हाईक कशाला घालवलास?"

हरेशने किल्ली परत खिशात टाकली. मग म्हणाला, "आई, बाबांचा पाय एकदा परक्यांच्या हातात दिला. परत नाही देत."

"पाय तर जांभलीखाली हाय."

"नाही, आई. तिथे काही नाही. मी हॉस्पिटलमध्येच सही करून दिला."

"सही करायला मी सांगितलं," मी म्हटलं.

त्या रडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघितलं.

"मंग एवढे दिवस मी दिवा कोनाला लावला?"

एवढंच म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

तेव्हापासून त्या आमच्याशी कामापुरतं बोलतात. जांभळीकडे जात नाहीत. दुपारचं जेवण झालं की अंगणात येतात, गाडीचं दार उघडतात आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसतात. त्यांना गाडी चालवता येत नाही. अर्धा तास बसतात आणि आत येऊन चहा टाकतात. आम्ही त्यांना अडवत नाही. कुठल्या तोंडाने अडवणार?

मागच्या मंगळवारी मी रजेवर होते. दुपारी कपडे वाळत घालायला अंगणात आले. गाडीमागची पांढरी भिंत लाल दिसत होती...

ब्रेकचे दिवे लागले होते.

म्हटलं, आईंचा पाय पेडलवर पडला असेल. बॅटरी उतरेल, सांगावं. म्हणून मी दाराशी गेले.

आई सीटवर मांडी घालून बसल्या होत्या. दोन्ही पाय वर. डोळे मिटलेले. ओठ हळूहळू हलत होते, मध्येच थांबत होते, आणि परत हलत होते.

मी हाक मारली नाही. आल्या पावली मागे फिरले आणि बादलीतले कपडे दोरीवर घातले. एकदाही त्या भिंतीकडे बघितलं नाही.

हरेशला मी हे अजून सांगितलेलं नाही.