शोकेसमधली निळाई

“कपाळावरची निळाई तेवढी काढा, ताई. बाकी पोरगी लाखात एक हाय,” शालन देवार्डे म्हणाली.

गडहिंग्लजच्या बाजारपेठेतल्या मगदूम फोटो स्टुडिओत हे वाक्य दिवसातून चारदा तरी कानावर पडे. स्टुडिओच्या मालकीण पुष्पा मगदूम यांना आता त्याचं काही वाटत नसे. त्या नुसत्या “हूं” म्हणत आणि कामाला लागत.

छायादर्शी कॅमेरे येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. त्वचेखालून वाहणारं रक्त, डोळ्यांना न दिसणारी स्नायूंची थरथर, हे सगळं तो कॅमेरा टिपायचा. मनावर फार दिवसांचं ओझं असेल तर चेहऱ्यावर निळसर छटा उमटायची. जितकं ओझं जास्त, तितकी निळाई गडद. तरुण मुलामुलींचा त्रास लवकर कळावा, वेळेत उपचार व्हावेत, म्हणून डॉक्टरांनी तो घडवला होता. हेतू सोन्यासारखा! पण आपली माणसं हुशार. वर्षभरात मुलाकडचे ‘छायाफोटो पाठवा’ म्हणू लागले आणि मुलीकडचे तो साफ करून घेऊ लागले. मुलीकडचे मुलाचाही मागत, मग तोही साफ होऊन येई. सगळ्या गावाचे चेहरे कसे धुतल्यासारखे स्वच्छ.

पुष्पाताईंची कामाची एक पद्धत होती. गिऱ्हाईक तयार होईपर्यंत सोबत आलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून त्या प्रकाश जुळवत. तो फोटो कुणी बघत नसे, नंतर पुसला जाई. आजही त्यांनी आधी शालनला बसवलं, एक फोटो काढला, मग तिच्या मुलीला बोलावलं.

स्वरांजली एकवीस वर्षांची होती. फोटो झाल्यावर ती खुर्चीवरून उठलीच नाही.

“मावशी, माझा साफ करू नका.”

“अगं बये, आता हे काय नवीन?” शालन उसळली. “आजऱ्याचं स्थळ चालून आलंय. असला फोटो बघून कोण दारात तरी उभं करंल काय?”

“आई, दोन वर्षांपूर्वी मी अंथरुणातून उठत नव्हते. गोळ्या घेतेय म्हणून आज इथं बसलेय. साफ फोटो दिला तर त्या घरात मी गोळ्या कुठं लपवू? तांदळाच्या डब्यात? मनालीनं तेच केलं ना?”

मनाली तिची आत्येबहीण. सासरी कळेल म्हणून तिनं लग्नानंतर गोळ्या आधी लपवल्या, मग बंदच केल्या. सात महिन्यांत तिला माहेरी आणावं लागलं. आता ती कुणाशी बोलत नव्हती.

“तिचा फोटो तुम्हीच साफ केला होता, मावशी,” स्वरांजली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.

मनाली पुष्पाताईंना नीट आठवत होती. गालावर खळी होती पोरीच्या. त्या संगणकाकडे वळल्या. घाईत बटण दाबलं आणि भलताच फोटो छापून बाहेर आला.

शालननं तो उचलला. हनुवटीपासून कपाळापर्यंत गर्द निळा चेहरा.

“आगं आई! ही कोण बिचारी?”

“तुम्हीच की, वहिनी,” पुष्पाताई हळूच म्हणाल्या. “प्रकाश बघायला काढला होता.”

शालननं फोटो दिव्याखाली धरून पाहिला. “मशीन बिघडलं असंल. मला काय धाड भरलीय?”

“झोप लागते का तुला?” स्वरांजलीनं विचारलं.

“झोपंचं काय घिऊन बसलीस! हे वारल्यापास्नं कवा लागलीय? छाती धडधडतीया, रडू येतंय. बायकांचं आसतंयच की त्ये.”

“नसतं, आई. मलाही आधी असंच वाटायचं.”

शालननं पदरानं तोंड झाकलं आणि ती हमसून हमसून रडली. स्वरांजली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पुष्पाताईंनी पाणी आणून दिलं.

“ह्याच्यावरबी गोळ्या आसत्यात?” शालननं शेवटी विचारलं.

“असतात. माझ्याच डॉक्टरांकडं जाऊ, दोघी मिळून.”

शालननं नाक पुसलं. “मग ऱ्हाऊ दे तुझा फोटो हाय तसा. तसाच पाठवू.”

“आणि इथं शोकेसमध्येही लावू का?” पुष्पाताई बोलून गेल्या.

भर बाजारात! शालन क्षणभर गडबडली. “लावा. पर माझाबी लावा शेजारी. पोरीला एकटीलाच कशाला बघावं लोकांनी?”

गाव बोललंच. ‘देवार्ड्यांच्या दोघी येड्या,’ असं चहाच्या गाड्यावर झालं. शालनचा दीर स्टुडिओत येऊन आरडाओरडा करून गेला. साफ करून घेणारी गिऱ्हाईकं दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. पुष्पाताईंनी फोटो उतरवले नाहीत. चौथ्या दिवशी कॉलेजचा एक उंच मुलगा दाराशी घुटमळला. “माझापण लावाल का?” एवढंच म्हणाला. मग त्याची मैत्रीण आली. महिन्याभरात शोकेसमध्ये एकोणीस निळे चेहरे झाले, आणि प्रत्येकाखाली पोरांनी आपापलं नाव स्वतःच्या हातानं लिहिलं.

आजऱ्याकडून मात्र काही कळलं नव्हतं. शालननं आशा सोडली होती.

एका दुपारी मायलेकी दवाखान्यातून परतताना स्टुडिओत टेकल्या, तेवढ्यात स्वरांजलीचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं स्पीकर लावला.

“मी हर्षद, आजऱ्याहून. तुमचा फोटो मिळाला.” पलीकडून एक दीर्घ श्वास ऐकू आला. “रोज बघतोय तो. तुम्हाला पाठवलेला माझा फोटो घरच्यांनी साफ करून घेतला होता. खरा पाठवला, तर बघाल का?”