सगुणाने उतरवलेला लोड

डिचोलीला मी जन्मभर गेलो, पण लिव्हर दाखवायला कधी नाही. आधीच्या सोनोग्राफीत ते खडबडीत दिसलं होतं. किती कडक झालंय ते मोजायला आता दुसरं मशीन. कडक निघालं तर नातवंडाचं तोंड बघीन याची खात्री नाही, असं डॉक्टराने सर्वेशला, माझ्या मुलाला, बाजूला घेऊन सांगितलं. बाजूला कशाला? लिव्हर माझं. सून ऋतिकाला सातवा महिना, ते मला ठाऊक नाही काय?

सर्वेश दारूचा थेंब तोंडाला लावत नाही, आणि शिरगावपासून वाटभर तेच ऐकवतो. मी म्हटलं, खाणीवर ट्रक चालवून बघ, मग बोल. तो गाडीतच बसून राहिला. मी आत गेलो.

खोलीत काळोख केलेला. एसीची घरघर, स्पिरिटचा वास. मशीनवर क्षमा नावाची पोर. उजवा हात डोक्याखाली घ्या, हलू नका, म्हणाली आणि बरगडीवर थंडगार जेल चोपडलं. मी विचारलं, गो बाय, मासळी बर्फात घालतेस की काय? ती हसली. मग दांडा टेकवला, आणि मशीनने मला आतून टिचकी मारली. टक. परत टक.

पुढच्या टिचकीनंतर टेबलाखालून आवाज आला. थप्प.

"पाय आपटलात, आजोबा?"

"मी कशाला आपटू?"

पण ती थाप माझ्या ओळखीची. सगुण माझ्या ट्रकवरचा क्लीनर. पत्र्यावर एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे लोड खाली झाला, चल. त्याचं एक बोट खाणीत गेलेलं, म्हणून थाप जरा पोकळ पडायची. शेवटी लिव्हरनेच गेला, पोट फुगून. खांदा मी दिलेला.

तेवढ्यात तांबड्या मातीचा वास आला. उन्हात तापलेल्या खनिजाचा… एसीच्या खोलीत.

"सगुणा…" मी पुटपुटलो. "चल म्हणू नको रे. नातवंड व्हायचंय."

टेबल डोक्याकडून वर उठत गेलं… हळूहळू, खनिज ओतताना ट्रकचा हौदा उठतो तसं. क्षमा स्क्रीनकडे बघत होती, तिला पत्ताच नाही. माझ्या पोटातून दगडगोटे घरंगळत गेले. दुखलं नाही. उलट हलकं वाटलं.

मग थप्प, थप्प.

टेबल जागेवर होतं. मी घामाने भिजलेलो.

"आजोबा…" क्षमाचा आवाज बारीक झाला. "पहिले आकडे खूप वर होते. आता एकदम मऊ येतंय. पोरासारखं."

तिने पुन्हा मोजलं. डॉक्टर आला, मशीनला नावं ठेवली, स्वतः मोजलं आणि डोकं खाजवत गेला. मी शर्ट घालताना शीळ घातली. मनात म्हटलं, मेल्या सगुणा, जितेपणी एक घमेलं वेळेवर उचललं नाहीस, आणि मेल्यावर अख्खा लोड उतरवलास!

बाहेर सर्वेशने रिपोर्ट वाचला. हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला. ऋतिकाला फोन केला, मला म्हणाला, चला, मिरचीभजी खाऊ. मी म्हटलं, सोबत उंडे पावपण घे, सकाळपासून उपाशी ठेवलंय मला. गाडीत बसल्यावर त्याने किल्ली फिरवली, आणि हात उजव्या बरगडीखाली दाबून धरला.

"काय झालं रे?"

"काही नाही, बाबा. इथे जड वाटतंय. कोणी दगड भरल्यासारखं."

"कधीपासून?"

"तुम्ही आत होता तेव्हापासून."

मी खाली उतरलो आणि गाडीभोवती फेरी मारली, ट्रक काढण्याआधी मारायचो तशी. नवी गाडी. आत माझा सडपातळ पोरगा, एकटा. त्याच्या बाजूने गाडी पार चाकांवर बसलेली… ओव्हरलोड ट्रक बसतो तशी.