समोरच्याची चाल

जव्हारच्या एसटी स्टँडपासून चार मिनिटांवर, खताच्या दुकानाच्या माडीवर उमेश सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. नाशिकहून गणितात बी.एस्सी. करून परतल्यावर, २००३ साली, मी तिथे शिकवायला लागले. सकाळी टायपिंगची बॅच, दुपारी टॅली. रविवारी क्लास बंद, आणि फोनची लाइन माझी.

त्या लाइनवरून मी एका मंडळात जात असे. इंटरनेटवरचं मंडळ, जगभरातले सव्वाशे हौशी लोक, प्रत्येकाने बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम स्वतः लिहिलेला. कुणी पोर्तुगालचा दंतवैद्य, कुणी कॅनडातली ग्रंथपाल. तिथे माणसं खेळत नसत. प्रोग्राम खेळत, आणि आम्ही त्यांच्या वतीने भांडत असू. माझ्या प्रोग्रामचं नाव सूर्यमाळ, दादांचं गाव म्हणून. मंडळाच्या यादीत त्या नावापुढे तिरंगा होता. अख्ख्या यादीत एकच. मी ती यादी छापून क्लासच्या भिंतीला लावली होती.

दादा, म्हणजे माझे वडील, मोखाड्याला प्राथमिक शिक्षक. घोडा अडीच घरं चालतो एवढंच त्यांना ठाऊक, पण यादीतला माझा नंबर तोंडपाठ. जीपमध्ये शेजारी बसलेल्या माणसालाही ते सांगत.

२००४च्या जानेवारीत मंडळाची स्पर्धा सुरू झाली. नऊ रविवार, नऊ सामने, आपल्याकडच्या दुपारी तीन वाजता. प्रत्येकाने आपला प्रोग्राम आपल्याच मशीनवर चालवायचा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. समोरचा विचार करत असतो तेव्हा चांगला प्रोग्राम रिकामा बसत नाही. समोरच्याची चाल कोणती असेल हे तो ओळखतो, ती झालीच असं धरून पुढचा विचार सुरू करतो, आणि ओळखलेली चाल नोंदीत लिहून ठेवतो. शंभरात पंचावन्न-साठ वेळा ओळख बरोबर येते. त्याहून जास्त कुणाचीच येत नाही.

पहिल्या सामन्यात सूर्यमाळची ओळख छप्पन्न टक्के बरोबर आली. तिसऱ्यात त्रेसष्ट. पाचव्यात एक्याऐंशी. सहाव्यात पन्नासपैकी अठ्ठेचाळीस चाली त्याने आधीच लिहिल्या होत्या.

मी चूक शोधायला बसले. फाइलची तारीख पाहिली. डिसेंबरनंतर तिला हात लागलेला नव्हता. सगळा कोड छापून पेन्सिलने ओळ न् ओळ तपासला. मग तोच सहावा सामना शेजारच्या मशीनवर पहिल्यापासून चालवला. सत्तावन्न टक्के. म्हणजे प्रोग्राम तोच होता. फक्त समोर जिवंत सामना असला, की तो वेगळा वागत होता.

“काय मॅडम,” उमेश सर म्हणाले, “आता त्याला लॉटरीचा आकडा विचारा. क्लासला रंग तरी काढू.”

सातव्या सामन्यात त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस.

त्या दुपारी झाडलोट करायला आलेली पोशी मावशी झाडू धरून मशीनसमोर थांबली. एरवी विचार करताना हार्ड डिस्क खुरखुरायची. त्या दिवशी आवाज नव्हता. खालून युरियाचा वास येत होता आणि खिडकीची काच गार पडली होती.

“म्याडम, हा डबा आज बोलत नाय.”

“चालू आहे गं मावशी.”

“चालू हाय ते दिसतंय. पन कान देऊन बसलाय जनू.”

मंडळाच्या लक्षात यायचं ते आलंच. कॅनडाच्या ग्रंथपालबाईंनी लिहिलं, सूर्यमाळ समोरच्याच्या मशीनमध्ये डोकावतो. मंडळात याहून मोठा आरोप नव्हता. खरा ठरला तर यादीतल्या नावावर काळी रेघ मारत, आणि ते नाव तसंच, रेघेसकट, कायम ठेवत. दादांनी तोवर पंचायत समितीत सांगून ठेवलं होतं. पहिला नंबर आला तर सभागृहात सत्कार होता.

परीक्षा घ्यायला यानोश तयार झाले. हंगेरीचे अडुसष्ट वर्षांचे निवृत्त रेल्वे सर्व्हेअर, मंडळातले सर्वांत जुने. त्यांची एक पद्धत होती. कोणतीही चाल, प्रोग्रामने सुचवलेलीसुद्धा, ते आधी लाकडी पटावर हाताने करत, मगच कॉम्प्युटरवरून पाठवत. “लाकडाला न विचारता मी काही करत नाही,” असं ते लिहीत.

परीक्षा अशी: यानोश प्रोग्राम वापरणार नाहीत. शक्य असलेल्या सगळ्या चालींच्या चिठ्ठ्या ते टोपीत टाकतील आणि त्यांची बायको इलोना एक उचलेल. सूर्यमाळची ओळख त्याआधीच सर्वांच्या पडद्यावर येईल, फक्त यानोशना दिसणार नाही. चिठ्ठी टोपीत असताना मशीनमध्ये डोकावून काय मिळणार? मलाही तेच हवं होतं. ओळख चुकली, तर मी सुटले.

पहिल्या एकोणीस ओळखी बरोबर आल्या.

विसावी ओळख पाहून मला हसू फुटलं. घोडा एफ-पाच. यानोशचा कोणताच घोडा तिथे पोचत नव्हता. नियमाबाहेरची चाल माझ्या प्रोग्रामला सुचूच शकत नाही. ती चाळणी मी स्वतः लिहिली होती. पण चूक सापडली होती, एवढं मला पुरे होतं.

मिनिटभराने यानोशची चाल आली. घोडा एफ-पाच. सर्व्हरने ती नाकारली.

“माफ करा,” यानोशनी लिहिलं. “चिठ्ठी ई-पाचची होती. चष्मा घसरला आणि मी घोडा शेजारच्या घरात ठेवला.”



त्या आठवड्यात यानोशचा निकाल आला. “ही मुलगी प्रामाणिक आहे. मला कळत नाही म्हणून मी कुणाच्या नावावर रेघ मारणार नाही.” ते वाक्य मी दादांना मराठीत करून सांगितलं. त्यांनी ते माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं आणि खिशात ठेवलं.

शेवटचा सामना यानोशच्याच प्रोग्रामशी होता. ते अर्ध्या गुणाने पुढे होते. जिंकलो तर सूर्यमाळ पहिला.

त्या रविवारी दादा तहसीलमधल्या भाऊसाहेबांना घेऊन आले. “हं, तुझं चालू दे,” म्हणत दोघं माझ्या मागे खुर्च्या टाकून बसले.

“कोण जिंकतंय?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“आपण,” दादा म्हणाले. पटाकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

तिसाव्या चालीपर्यंत सगळ्या ओळखी बरोबर. सूर्यमाळने तिसावी चाल केली. आता यानोशची एकतिसावी. नोंदीत ओळ उमटली.

ओळखलेली चाल:

पुढे काही नव्हतं.

मी नोंद बंद करून पुन्हा उघडली. तीच ओळ. यानोशच्या घड्याळात बावन्न मिनिटं शिल्लक होती.

सामना चालू असताना समोरच्याला लिहायचं नाही, हा मंडळाचा नियम. लिहिलं तर सामना गेला.

पंचेचाळीस मिनिटं.

मी टाइप केलं: यानोश, तुम्ही बरे आहात ना?

एंटरवर बोट ठेवलं.

“काय झालं?” दादा म्हणाले. “अडलं का?”

“नाही. ते विचार करताहेत.”

“करू दे. किती करायचा तो करू दे.”

चाळीस मिनिटं. तीस. मी वाक्य एकेक अक्षर करून पुसलं.

अकरा. चार.

शून्य.

पडद्यावर निकाल आला: वेळ संपल्याने सूर्यमाळ विजयी. दादांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. भाऊसाहेब खाली जाऊन पेढे घेऊन आले. पोशी मावशीनेही घेतला, पण खाल्ला नाही, पदराला बांधला.

मंगळवारी इलोनाचा ई-मेल आला.

“मी चर्चमधून आले तेव्हा ते पटासमोर बसलेले होते. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटं आधी कुणी हाक मारली असती तर कदाचित. बोटं उघडून मी त्यांच्या हातातला घोडा काढला. तो त्यांना कुठे ठेवायचा होता, तुमचा सूर्यमाळ सांगू शकेल का? तो सगळं ओळखतो, असं ते कौतुकाने म्हणायचे.”

रविवारपासून ते मशीन मी बंद केलं नव्हतं. मॉनिटर सुरू केला आणि नोंद उघडली. एकतिसाव्या चालीपुढची जागा रिकामीच होती.

तिच्या खाली मात्र ओळी वाढत होत्या. ती रिकामी चाल झालीच असं धरून सूर्यमाळ पुढचा विचार करत होता. तो किती चालींपुढचं पाहतोय, याचा आकडा प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला असतो. एरवी तो पंधराच्या वर जात नाही.

तीनशे अठ्ठ्याहत्तर. मी पाहत असतानाच तीनशे एकोणऐंशी झाले.