आक्षेप नसल्यास

मी बाकाखाली होते तेव्हा तो मला पहिल्यांदा भेटला. खरं म्हणजे आधी त्याचे बूट भेटले.

दुपारच्या सुट्टीत मोठं व्याख्यानगृह रिकामं असतं. घरून आणलेला टेबललॅम्प प्रत्येक सॉकेटला लावून बघत मी रांगेखाली रांगत होते. हे काम करायला मला कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी बघितलं तर काय सांगायचं तेही ठरवलं नव्हतं. तेवढ्यात समोर धुळीने माखलेले तपकिरी बूट येऊन थांबले.

"त्या कोपऱ्यातले दोन बंद आहेत," वरून आवाज आला. "मी आत्ताच चार्जर लावून बघितला."

मी घाईने उठायला गेले आणि डोकं बाकावर आपटलं. बाहेर आले तेव्हा केसांत कोळ्याचं जाळं होतं आणि हातात दिवा. समोर एक उंच, किडकिडीत मुलगा उभा होता. हसू दाबायचा प्रयत्न करत होता, पण ते त्याला नीट जमत नव्हतं.

"दिवसाढवळ्या दिवा लावून काय शोधताय?"

"मी... मी इथे शिकवते. तात्पुरती. म्हणजे शिकवते नीट, नेमणूक तात्पुरती आहे."

तो आता उघडच हसला. मला वाटलं हा कुठल्यातरी तपासणीवर आलेला असणार. माझा स्वभावच असा आहे. घरी ताई मला भित्री भागूबाई म्हणते ती काही उगाच नाही. लहानपणी शेजारच्या काकूंकडे साखर मागायला पाठवलं की मी रिकामी वाटी त्यांच्या दारात ठेवून पळून यायची. काय हवंय ते वाटीवरून काकूंनीच ओळखायचं. फोन लावला की पलीकडे कुणी उचलू नये अशी प्रार्थना करते. अशा मुलीने एवढ्या मोठ्या परिषदेचा प्रस्ताव लिहिला, हेच मुळात नवल.

ती परिषद प्रोग्रामिंगची. दरवर्षी वेगळ्या शहरात भरते आणि सगळी स्वयंसेवकांनी चालवलेली. पगार कुणालाच नाही, कटकट सगळ्यांना. जागा कुठली घ्यायची ते आम्ही ईमेलवर ठरवतो आणि त्याचा एकच नियम आहे. कुणीतरी प्रस्ताव मांडतो, आणि मुदत संपेपर्यंत कुणी आक्षेप घेतला नाही तर तो मान्य. यंदा मी आमच्या विद्यापीठाचं आवार सुचवलं होतं. हॉल फुकट मिळाला तर तिकीट स्वस्त होईल आणि माझ्या वर्गातली मुलं-मुली पहिल्यांदाच अशा ठिकाणी जाऊन बसतील, एवढीच माझी इच्छा. मुदत उद्या संध्याकाळी संपत होती आणि अजून एकही आक्षेप आला नव्हता.

"म्हणजे प्रस्ताव लिहिणाऱ्या त्या तुम्हीच?" तो म्हणाला. "बरं झालं भेटलात. ऑफिसच्या कामासाठी या शहरात आलो होतो, म्हटलं जागा बघून जावं. मला ईमेलवर सगळे आक्षेपराव म्हणतात."

माझी पाचावर धारण बसली.

आक्षेपरावांना कुणीच पाहिलेलं नव्हतं, पण ओळखत सगळेच होते. तुम्ही काहीही सुचवा, त्यांचं पत्र हजर. व्हीलचेअर कुठून चढणार? पाणी संपलं तर? लहान मूल घेऊन आलेल्या आईने बसायचं कुठे? लोक कपाळावर हात मारायचे आणि मग गुपचूप त्यांचं ऐकायचे. त्यातून, या वर्षीचा दुसरा प्रस्ताव त्यांचाच होता. त्यांच्या शहरातला भाड्याचा हॉल, देखणा आणि महागडा. मी मनात त्यांना पन्नाशीचे, टक्कल पडलेले, सतत पित्त झालेले गृहस्थ समजत होते. तसं मी घाबरत घाबरत त्याला सांगूनही टाकलं.

"पित्त आहे," तो म्हणाला. "बाकीचं येईल हळूहळू."

मग मी त्याला आवार दाखवलं. त्याने खिशातून टेप काढून दारांची रुंदी मोजली. उतारावरून रिकामी ढकलगाडी वर नेऊन पाहिली. वाचनालयातल्या शांत खोलीत तो क्षणभर डोळे मिटून उभा राहिला, गर्दीने जीव घाबरा झालेल्यांना ही जागा चालेल म्हणाला. मी त्याच्याकडे बघत राहिले. ज्या माणसाची पत्रं उघडताना माझे हात गार पडायचे, तो अनोळखी लोकांच्या घाबरण्याचा विचार करत होता. त्याने डोळे उघडले, मला बघताना पकडलं आणि स्वतःच लाजला. मी चटकन खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघायला लागले... झाडात बघण्यासारखं काही नव्हतं.

कॉरिडॉरमधल्या कॉफीच्या यंत्रापाशी आम्ही थांबलो. यंत्राने त्याचे पैसे गिळले आणि कप दिला नाही. मी यंत्राच्या कुशीत नेहमीची एक चापट मारली. कॉफी आली.

"घाबरट आहात म्हणालात ना?"

"यंत्रांना नाही घाबरत. माणसांना घाबरते. तुम्ही आक्षेप घेता की लोकांचा जीव घेता?"

"जीव घ्यायला परवानगी लागते," तो कप फुंकत म्हणाला. "अरे हो, त्यावरून आठवलं. हॉलला संमती कुणी दिलीय?"

कॉफी माझ्या हातावर सांडली. हा प्रश्न येणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रोज मुदतीकडे डोळे लावून मी तो येऊ नये म्हणून देवाला हात जोडत होते. प्रस्तावात मी स्वच्छ लिहिलं होतं, विद्यापीठाची संमती आहे.

"मी... अर्ज दिला होता. विभागप्रमुख मॅडमच्या टेबलावर ठेवून आले. त्या तेव्हा खोलीत नव्हत्या."

"मग?"

"मग काही उत्तर आलं नाही. इतके दिवस झाले. आक्षेप नाही, म्हणजे..."

"मान्य?"

मी मान डोलावली. तो मोठ्याने हसला आणि माझा चेहरा बघून एकदम थांबला. आपला नियम विद्यापीठाला कुणी सांगितलाय का, असं त्याने अगदी हळू विचारलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. उद्या प्रस्ताव मान्य झाला की लोक गाड्यांची तिकिटं काढणार, रजा टाकणार आणि ऐनवेळी या हॉलला कुलूप असणार. हे त्याने बोलून दाखवलं नाही, पण मला सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं.

"मला लिहावं लागेल," तो म्हणाला. "तुम्ही आवडलात म्हणून गप्प बसलो तर..." आणि वाक्य तिथेच सोडून तो कपात बघायला लागला.

त्या अर्ध्या वाक्याने एरवी मी हवेत तरंगले असते. पण त्याने आक्षेप घेतला की खोटं उघड होणार, मॅडमच्या कानावर जाणार आणि माझी नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही हे त्यांच्याच हातात. वाटलं, आत्ता इथून पळावं, आजारी पडावं, शहर बदलावं.

"एक मार्ग आहे," तो म्हणाला. "आत जाऊन विचार."

तुम्हीवरून तो तूवर आला होता. ते त्याच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

"मॅडमना तुम्ही बघितलं नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की बाहेरचे क्लार्क टाइप करायचे थांबतात."

"मी दारापाशी उभा राहतो."

"आत या ना."

"आत आलो तर सवयीने आक्षेप घेईन. जा तू."

गेले. दार कधी वाजवलं ते आठवत नाही. मॅडमनी मान वर केली. घसा खाकरत, अडखळत मी सगळं सांगितलं. परिषद काय, कशासाठी, मुलांना काय मिळेल. आणि मग तेही सांगितलं जे न सांगता भागलं असतं. तुमची संमती आहे असं मी आधीच लिहून बसलेय.

मॅडमनी चष्मा काढला. बाहेरचं टाइपिंग खरंच थांबलं.

माझा अर्ज त्यांच्या टपालाच्या ट्रेमध्ये तसाच होता. हे आणून ठेवणारी कधीतरी येईल आणि बोलेल म्हणून थांबले होते, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी कॅलेंडर माझ्याकडे फिरवलं. त्या दिवसांत हॉलमध्ये परीक्षा. त्याच्या पुढच्या आठवड्यात चालेल का, हे मी विचारलं. मीच विचारलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. त्या आठवड्यात छताची दुरुस्ती. यंदा नाहीच.

"ते जे लिहिलंयस ते आजच काढ," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या वतीने हो म्हणत जाऊ नकोस. नाही म्हणायला मी अजून धडधाकट आहे."

मी दारापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी परत हाक मारली. काचेतून सारखा डोकावतोय तो लांबुडका कोण, म्हणून विचारलं. पाहुणा, मी म्हटलं. त्याला कॉफी तरी पाजलीस का, एवढं विचारून त्यांनी चष्मा चढवला. माझ्या नेमणुकीबद्दल त्या बोलल्या नाहीत आणि मला विचारायचं धाडस झालं नाही.

बाहेर येऊन मी पायऱ्यांवरच बसले. तो शेजारी बसला, मधे एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. मी लॅपटॉप उघडला आणि माझ्याच प्रस्तावाला माझा आक्षेप लिहिला. संमती नव्हती, न विचारताच धरून चालले, चूक माझी. पत्र पाठवलं तसा शेजारी त्याचा फोन वाजला. त्याने ते सबंध वाचलं, जणू मी शेजारी नसून फार लांबच्या गावी राहत होते.

"तुमचा हॉल जिंकला," मी म्हटलं आणि रडू फुटलं. माझ्या वर्गातल्या कुणालाही ते तिकीट परवडणार नव्हतं.

त्याने रुमाल दिला. मघाची सांडलेली कॉफी पुसून तो भिजलेला होता. "माझ्या प्रस्तावाची मुदत अजून संपली नाही," तो म्हणाला. "विद्यार्थ्यांच्या तिकिटावरून कुणी खणखणीत आक्षेप घेतला तर आम्हाला स्वस्त जागा शोधावीच लागेल." मी डोळे पुसले आणि तिथेच बसून तोही आक्षेप लिहिला. या वेळी त्याचा फोन वाजला तेव्हा तो खूश होऊन हसला; स्वतःवर आक्षेप आल्यावर कुणी असं हसतं हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

त्याची बस संध्याकाळची होती. स्टॉपवर तो जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलला. छताच्या दुरुस्तीवर, बसच्या टायरवर, मॅडमच्या चष्म्यावर. ते अर्धं राहिलेलं वाक्य मात्र त्याने पुरं केलं नाही. बस आली. त्याने बॅग खांद्याला लावली, येतो म्हणाला आणि पायरीवर पाय ठेवला.

मॅडमच्या दारात वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. मी घरी जाणार, फोन उशाशी ठेवणार, तो काही लिहितो का बघत बसणार. त्याने नाही लिहिलं तर त्याचा अर्थ मीच लावणार आणि तोच धरून बसणार.

"थांबा," मी म्हटलं. "थांब."

तो वळला.

"मला तू आवडतोस. आज दुपारपासून, आणि बहुतेक त्याआधीपासून, त्या कटकटीच्या पत्रांपासून. मी तुला भेटायला तुझ्या शहरात आले तर... तुला चालेल का?"

प्रत्येक गोष्टीवर बोलणारा माणूस तोंड उघडं ठेवून उभा राहिला. मागचे प्रवासी चुळबुळ करायला लागले.

"ताई, त्याचं काय ते ठरू दे," ड्रायव्हर म्हणाला, "पण गाडीला वेळ होतोय."

"हो," तो म्हणाला. नुसते ओठ हलले. मग त्याने पुन्हा म्हटलं, या वेळी सगळ्या बसला ऐकू जाईल असं. बसच्या दांडीवर त्याने हात घट्ट आवळला होता. माझ्याइतकाच तोही भ्यायला होता, सबंध दुपारभर, आणि मला ते आत्ता दिसत होतं.

मी पुढे होऊन त्या हातावर हात ठेवला. दोघांचेही हात गार होते.

"घाई करा," ड्रायव्हर म्हणाला, पण इंजिन त्याने बंद केलं.