मधली एक्केचाळीस मिनिटं

ही गोष्ट खरी आहे. देवाला स्मरून सांगते, यातला एक शब्दही पदरचा नाही.

भुताखेताचं जे काही घडतं ते रात्रीच, असं आपण समजतो. हे भर दुपारी घडलं. गुरुवारी, तीन वाजून दहा मिनिटांनी. आमच्याच घरातल्या मागच्या खोलीत, जिथे शेजारच्यांचं कपडे धुण्याचं मशीनसुद्धा ऐकू येतं.

घडलं ते माझ्या धाकट्या दिरांच्या बाबतीत.

भाऊजी सिनेमांचे परीक्षक. थिएटरातल्या नव्हे, घरी बसून बघायच्या सिनेमांचे. दर शनिवारी त्यांचं सदर यायचं. या आठवड्यात घरच्या पडद्यावर काय बघावं, काय टाळावं. लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे. भाऊजींनी एक तारा दिला की तो सिनेमा मेलाच म्हणून समजा.

आठवड्याला सात-आठ सिनेमे, वर एखादी मालिका. एवढं बघणार कधी? मग त्यांनी एक युक्ती काढली होती. सुरुवातीची पंधरा मिनिटं बघायची, शेवटची दहा बघायची, आणि मधलं रिमोटने पुढे ढकलायचं. माझी लेक त्यांना 'रिमोटकाका' म्हणायची.

"भाऊजी, मी बादलीभर कपडे वाळत घालून आले, तेवढ्यात सिनेमा संपलासुद्धा?"

"अहो वहिनी, सिनेमा कळायला तो बघावा लागतो थोडाच!"

ते हसायचे. मीही हसायचे. तेच आता मनाला लागून राहिलंय.

एकदा एक छोटासा सिनेमा आला. दिग्दर्शिका नवी. मुख्य कामाला सत्तरी ओलांडलेल्या एक आजी. जन्मभर दुसऱ्यांच्या मागे गर्दीत उभ्या राहिलेल्या. पहिल्यांदाच त्यांच्या वाट्याला मोठं काम आलं होतं.

भाऊजींनी सुरुवात बघितली. म्हातारी खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. पुढे ढकललं. अजून खुर्चीतच. आणखी ढकललं. खुर्चीतच. ढकलताना आवाज काही येत नाही.

शनिवारी छापून आलं. 'सबंध सिनेमाभर म्हातारी तोंड मिटून बसते. त्यापेक्षा नुसती रिकामी खुर्ची दाखवली असती तरी चाललं असतं.' एक तारा.

ते वाक्य लोकांना भारी आवडलं. जो तो एकमेकांना पाठवत सुटला.

दहा-बारा दिवसांनी फोन आला. भाऊजी जेवत होते, म्हणून स्पीकरवर ठेवला. मी समोरच होते.

"मी त्या खुर्चीच्या सिनेमाची दिग्दर्शिका. तुम्ही तो बघितलात?"

"बघितल्याशिवाय लिहितो का मी?"

"आजी त्यात एक्केचाळीस मिनिटं सलग बोलतात. मधे एकही कट नाही. तीन महिने पाठ करत होत्या."

भाऊजींचा घास हातातच राहिला.

"परीक्षणासाठी पाठवलेली प्रत कुणी किती बघितली, याची नोंद आमच्याकडे राहते. गुरुवारी तीन दहाला तुम्ही ढकलायला सुरुवात केलीत. तीच एक्केचाळीस मिनिटं ढकललीत."

भाऊजींनी ताट बाजूला सारलं.

"तुमचं वाचून आजींनी मला विचारलं, 'माझं बोलणं काढून टाकलंस का गं?' मी शपथ घेतली. त्यांना खरं वाटलं नाही. त्या दिवसापासून त्या कुणाशी एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीपाशी नुसत्या बसून असायच्या. काल गेल्या. खुर्चीतच. फक्त एक ओळ छापा. त्या बोलतात, एवढंच."

"बघतो," म्हणून भाऊजींनी फोन ठेवला.

"छापून टाका ना, भाऊजी," मी म्हटलं.

"छापलं तर मी सिनेमे बघत नाही हे कबूल केल्यासारखं होईल. मग कोण वाचेल मला? विसरतील हो लोक, वहिनी."

लोक विसरलेही.

पण जिला विसरायचं नव्हतं... ती विसरली नाही.

इथे माझ्या सासूबाईंचं सांगायला हवं. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. डॉक्टर म्हणायचे, परत येईल, धीर धरा. भाऊजींइतकी त्या दिवसाची वाट कुणी बघत नव्हतं. भाऊजींना सहाव्या वर्षी आत्याकडे नेऊन ठेवलं होतं. बाराव्या वर्षी परत आणलं. थोरल्याला जवळ ठेवलं, मग मलाच का दिलं? विचारलं की सासूबाई म्हणायच्या, "सांगेन कधीतरी." सांगायच्या आधीच बोलणं गेलं. चाळिशी उलटली तरी तो काटा भाऊजींच्या मनातून निघाला नव्हता.

म्हणून ते काम करायचे ते सासूबाईंच्याच खोलीत. त्या पलंगावर, भाऊजी टीव्हीसमोर. खिडकीपाशी एक जुनी वेताची खुर्ची, बाहेर तोंड करून ठेवलेली. तीत कुणी बसत नसे.

फोननंतरच्या गुरुवारी त्यांनी एक विनोदी सिनेमा लावला. थोड्या वेळाने मला हाक मारली.

"वहिनी, या मेजवानीच्या गर्दीत मधेच रिकामी खुर्ची का ठेवलीय हो?"

मी बघितलं. खुर्ची नव्हती.

दुसरा लावला. त्यात गाड्यांचा पाठलाग. "अहो, रस्त्याच्या मधोमध खुर्ची!"

माझ्या डोळ्यांना नुसता रस्ता.

"चष्म्याचा नंबर बदलून घ्या," म्हणत मी चहा ठेवून बाहेर आले. तीन वाजून दहा झाले होते.

पुढचं त्यांनीच मला सांगितलं. त्यांनी चहाच्या कपाकडे हात नेला... आणि कप गार. वर जाड साय. घड्याळात तीन एक्कावन्न.

"डुलकी लागली असेल," मी म्हटलं.

"डुलकी नव्हे."

"हो, तेही खरंच म्हणा. मी दोनदा आत डोकावले. तुम्ही जागे होतात. कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी मान डोलावत होतात."

भाऊजींचा चेहरा पांढरा पडला.

"वहिनी, आज मी काहीच ढकललं नाही. मलाच कुणीतरी पुढे ढकललं."

पुढच्या गुरुवारी तेच. तीन दहा. मग एकदम तीन एक्कावन्न.

मधलं काहीच नाही...

तेव्हाही मी म्हटलं, ती ओळ छापा. तेव्हाही ते म्हणाले, "एवढ्यात नको."

तिसऱ्या गुरुवारी त्यांनी टीव्ही लावलाच नाही. रिमोट कपाटात कोंडला आणि आईचा हात हातात घेऊन पलंगावर बसून राहिले. तीन वाजून दहा मिनिटांनी...

सासूबाईंचे ओठ हलले.

"बाळा... सांगते."

वर्षाने आलेले शब्द. भाऊजींना ऐकू आले ते एवढेच.

मी पाण्याचा पेला घेऊन दारापर्यंत पोचले होते. आतून आवाज आला आणि माझे पाय जागीच खिळले. सासूबाई बोलत होत्या. अडखळत, दम घेत, पण स्पष्ट.

"मला छातीचा आजार होता रे. घरातल्या बाकीच्यांनी तो सोसला असता, पण तुझी छाती जन्मापासून नाजूक. डॉक्टर म्हणाले, हा पोरगा इथे राहिला तर हाती लागायचा नाही. आजाराचा बोभाटा नको, म्हणून तुझ्या बाबांनी मला शपथ घातली. दर आठवड्याला मी तुझ्या शाळेसमोरच्या फुटपाथवर येऊन उभी राहायचे. तोंडाला पदर लावून. तू सुटताना दिसायचास. एकदा तू माझ्याकडे बघितलंस... ओळखलं नाहीस. मी दिलं नव्हतं रे तुला. वाचवलं होतं."

कितीतरी वेळ बोलल्या. भाऊजींची प्रत्येक आठवण, ते कधी काय घालून शाळेत आले होते ते सगळं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

भाऊजी मान डोलावत होते. डोळे मात्र कोरडे ठणठणीत. मला वाटलं, मन घट्ट केलंय.

मग माझी नजर खिडकीकडे गेली.

वेताची खुर्ची सकाळी बाहेर तोंड करून होती. मीच झाडताना ठेवली होती. आता ती पलंगाकडे वळलेली होती. आणि तिच्यातली उशी... मधोमध दबलेली. कुणी बसलं असावं तशी.

तीन एक्कावन्नला सासूबाई थांबल्या. त्या कायमच्याच.

भाऊजी दचकले. हातातल्या हाताकडे बघितलं. तो गार पडत चालला होता.

"आई? बोल ना. काय सांगणार होतीस?"

पेला माझ्या हातून निसटला. खुर्चीतली उशी... हळूहळू वर आली.

त्यानंतर भाऊजींनी कबुली छापली. एक ओळ नव्हे, अख्खं सदर. ते शेवटचंच. दिग्दर्शिकेकडून सिनेमा पुन्हा मागवला आणि आम्ही दोघांनी शेजारी बसून बघितला. काय बोलल्यात हो त्या आजी! माझ्या अंगावर काटा उभा राहिला.

भाऊजी पडद्याकडे टक लावून होते.

"वहिनी, आवाज का बंद केलात? ही तर तोंड मिटून बसलीय. माझ्याकडे बघतेय नुसती."

आवाज बंद नव्हता.

सासूबाई काय म्हणाल्या ते मी भाऊजींना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी शांतपणे मान डोलावली. आणि एक्केचाळीस मिनिटांनी विचारलं, "सांगणार होतात ना, वहिनी? सांगा."

एकदा चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "यावर तर काहीच नाही."

मी रोज देवापुढे बसले की त्या आजींनाही हात जोडते. म्हणते, माउली, चुकलं आमचं. आता पुरे कर. त्या वेळी मागच्या खोलीत वेत करकरल्यासारखा आवाज येतो. हो म्हणतात की नाही म्हणतात, मला कळत नाही.

शेवटचा उपाय म्हणून मी हे सगळं पहिल्यापासून लिहून काढलं आणि आज दुपारी वाचायला दिलं. भाऊजींनी अगदी मन लावून वाचलं. या वेळी पानं भराभर उलटली नाहीत. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं.

मग सगळे कागद नीट जुळवून माझ्या हातात दिले.

"चांगलं लिहिलंय, वहिनी," ते म्हणाले. "पण यातलं मधलं पान कुठे आहे?"